दोन पैसे जास्त : कुणासाठी?

बाजाराच्या दिवशी कापडाच्या दुकानात थोडा वेळ उभे राहून पाहा. गिऱ्हाईक येते, ठाणावरून हात फिरवते, दोन बोटांत कापड चोळून त्याचा पोत पाहते आणि मग एकच प्रश्न विचारते, "मीटरला काय भाव?" भाव पटला तर कापड फाडून घेते, नाही पटला तर पुढच्या दुकानाची पायरी चढते. या कापडाचा कापूस कुठल्या शेतात पिकला, सूत कुणी काढले, त्याला मजुरी काय पडली, रंगकामाचे पाणी कुठल्या ओढ्यात गेले, असे काही कुणी विचारत नाही. त्यात गिऱ्हाइकाचा दोष आहे असेही मी म्हणणार नाही. ज्याला महिन्याचे पैसे मोजून वापरायचे आहेत, तो आधी भावच विचारणार.

अलीकडे मात्र एक नवा विचार जगभर मांडला जात आहे. जे कापड जमिनीला, पाण्याला आणि ते करणाऱ्या माणसाला अपाय न करता तयार होते, ते थोडे महाग पडणारच. तेव्हा गिऱ्हाइकाने समजून उमजून दोन पैसे जास्त द्यावेत, असा हा विचार आहे. लोकांना विचारले तर पुष्कळजण "हो, देऊ की!" म्हणतात. पण तीच माणसे दुकानात गेली की हात स्वस्त कापडाकडे वळतो. बोलणे आणि खरेदी यांत हे अंतर का पडते, याचा शोध आता विद्वान मंडळी घेत आहेत.

वाचकहो, मला इतिहासाचा विद्यार्थी म्हणून एवढेच सांगायचे आहे, की हा प्रश्न आपल्याला नवीन नाही. एखाद्या तत्त्वासाठी कापडाला जास्त किंमत मोजावी काय, ती कुणी मोजावी, आणि तो जादा पैसा शेवटी कुणाच्या पदरात पडतो, या तीन प्रश्नांशी आपला देश दीडशे वर्षे झगडत आला आहे. त्या झगड्यात काही चुका झाल्या, काही धडे मिळाले. ते आज उपयोगी पडण्यासारखे आहेत.

सुरुवात पुण्यापासून करू. गणेश वासुदेव जोशी हे पुण्यातले एक वकील. लोक त्यांना 'सार्वजनिक काका' म्हणत, कारण १८७० साली स्थापन झालेल्या सार्वजनिक सभेचा सारा भार त्यांनी आपल्या खांद्यावर घेतला होता. १८७२ च्या जानेवारीत त्यांनी देशी वस्तूच वापरण्याचे व्रत घेतले, आणि स्वतः सूत कातून त्याचे कापड ते अंगावर घालू लागले. १८७७ साली दिल्लीला मोठा दरबार भरला. राजेरजवाडे जरीच्या पोशाखात मिरवत होते. त्या थाटात हे गृहस्थ हातसुताच्या जाड्याभरड्या कपड्यांत सभेचे मानपत्र घेऊन उभे राहिले. गांधीजी त्या वेळी सात वर्षांचे होते, हे ध्यानात घ्या. काकांनी स्वदेशी मालाची दुकानेही काढली. पण एका माणसाचे व्रत आणि हजारो माणसांची खरेदी यांत फार अंतर असते. काका १८८० साली वारले, आणि ते अंतर तसेच राहिले.

पुढे १९०५ साली बंगालची फाळणी झाली आणि स्वदेशीची लाट उठली. त्याच वर्षी ऑक्टोबरात पुण्यात परदेशी कपड्यांची होळी पेटली. लोकमान्यांनी गावोगाव स्वदेशीचा मंत्र पोचवला. सामान्य माणूस म्हणू लागला, "चार पैसे जास्त गेले तरी चालतील, पण धोतर देशीच नेसेन." म्हणजे जास्त किंमत देण्याची तयारी होती, आणि ती मनापासून होती. मग तो जादा पैसा गेला कुठे?

याचे उत्तर गांधीजींच्या आत्मकथेत सापडते. खादीची चळवळ सुरू झाल्यावर त्यांचे एका गिरणीमालकाशी बोलणे झाले. तो गृहस्थ मोकळ्या मनाचा होता. फाळणीच्या दिवसांतल्या चळवळीचा गिरण्यांनी पुरेपूर फायदा घेतला, कापडाचे भाव चढवले, आणि त्याहून वाईट गोष्टीही केल्या, हे त्याने सरळ कबूल केले. आम्ही धर्मादाय म्हणून गिरण्या चालवत नाही, असेही त्याने सांगितले. परदेशी कापडावर स्वदेशीचा छाप मारून विकणारेही त्या काळी होतेच. लोकांनी दिले देशासाठी, आणि त्यातले पुष्कळसे जिरले मधल्यामध्ये. स्वदेशीची ती लाट पुढे ओसरली, त्याला सरकारची दडपशाही हे मोठे कारण होतेच; पण गिऱ्हाइकाचा विश्वास उडाला हेही एक कारण होते, असे मला वाटते.

हा पहिला धडा नीट लक्षात ठेवा. गिऱ्हाईक तत्त्वासाठी पैसे देते. पण तो पैसा तत्त्वाच्या कामी लागला की नाही, हे त्याला दिसले नाही तर ते दुसऱ्यांदा देत नाही.

आता खादीकडे येऊ. साबरमतीच्या आश्रमात हातमाग आले, पण सूत गिरणीचेच होते. चरखा कुठे मिळेना आणि कातणारेही मिळेनात. शेवटी गंगाबेन मजमुदार या धाडसी बाईंनी शोध घेतला आणि बडोदे संस्थानातल्या विजापुरात माळ्यावर पडलेले चरखे त्यांना सापडले. बायका कातायला तयार झाल्या. आश्रमात पहिली खादी विणली गेली, तिचा भाव पडला वाराला सतरा आणे. सोळा आण्यांचा रुपया, म्हणजे वाराला एक रुपया एक आणा. गिरणीच्या कापडापेक्षा हे कितीतरी महाग होते. गांधीजींनी तो भाव लपवला नाही. ओळखीच्या माणसांना त्यांनी त्याच भावाने ती खादी घ्यायला सांगितले, आणि लोकांनी ती घेतली.

पण मग सप्टेंबर १९२१ आला. ३१ जुलैला मुंबईत परळला परदेशी कपड्यांची प्रचंड होळी झाली होती, आणि देशभर तोच वणवा पेटला होता. गांधीजी आगगाडीने मदुरेला चालले होते. डब्यातल्या गर्दीच्या अंगावर परदेशी कापड होते. गांधीजींनी त्यांना खादी वापरा म्हणून सांगितले. त्या माणसांनी उत्तर दिले, की आम्ही गरीब आहोत, खादी महाग आहे, आम्हांला परवडत नाही. गांधीजींच्या अंगावर तेव्हा बंडी, टोपी आणि पुरे धोतर होते. त्या उत्तराने ते अंतर्मुख झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी, २२ सप्टेंबर १९२१ रोजी, मदुरेत त्यांनी ते सारे उतरवले आणि पंचा नेसला. तो अखेरपर्यंत.

या प्रसंगाचे चित्र पाठ्यपुस्तकात असते आणि आपण ते त्यागाचा नमुना म्हणून मुलांना शिकवतो. शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, त्यात आणखी एक गोष्ट आहे, तीही शिकवा. त्या गरीब प्रवाशांचे म्हणणे गांधीजींनी खोडून काढले नाही. "तुमची देशभक्ती कमी पडते" असे ते म्हणाले नाहीत. ज्याच्या खिशात पैसा नाही, त्याला महाग कापड घेत नाही म्हणून दोष देता येत नाही, हे त्यांनी मान्य केले, आणि स्वतःच्या अंगावरचे कापड कमी केले. इच्छा असणे वेगळे आणि ऐपत असणे वेगळे. आजही निसर्गाला जपणाऱ्या कापडावर व्याख्याने देणाऱ्यांनी हा फरक विसरता कामा नये. मीही विसरू नये.

मग यावर तोड काय काढली? दोन दारे ठेवली. ज्याच्याजवळ पैसा आहे त्याने खादी विकत घ्यावी. ज्याच्याजवळ पैसा नाही, पण शेतीच्या हंगामाबाहेर रिकामा वेळ आहे, त्याने स्वतःचे सूत कातावे आणि विणून घ्यावे. पुढे याला 'वस्त्रस्वावलंबन' असे नाव मिळाले. एकाने किंमत पैशांत द्यायची, दुसऱ्याने श्रमांत. १९२५ साली अखिल भारत चरखा संघ स्थापन झाला आणि कापूस वाटणे, सूत गोळा करणे, विणून घेणे आणि विकणे हे सारे हिशेबाने होऊ लागले.

पण इथेच एक मोठी चूक होत होती, आणि ती मोठ्या सद्‌हेतूने होत होती. खादी महाग आहे ही तक्रार सतत येत असे. म्हणून कार्यकर्ते झटून तिचा भाव खाली आणू लागले. भाव कमी करायचा तर कुठेतरी काटछाट करावी लागते. ती झाली कातणाऱ्या बाईच्या मजुरीत. खेड्यातली बाई दिवसभर चरख्यावर बसे आणि तिच्या हाती एखाददुसरा आणा पडे. शहरातला गिऱ्हाईक खादीचे कौतुक करत होता. त्या कौतुकाचा खर्च ती बाई सोसत होती.

१९३५ साली गांधीजींनी ही चूक उघड कबूल केली. खादी स्वस्त करण्याच्या नादात आपण कातणाऱ्यांवर अन्याय केला, असे त्यांनी सांगितले. आठ तासांच्या कामाला आठ आणे मिळावेत, असे ध्येय त्यांनी पुढे ठेवले. कार्यकर्ते घाबरले. एवढी मजुरी दिली तर खादीचा भाव कुठल्या कुठे जाईल, आणि घेणार कोण, असे त्यांचे म्हणणे होते. ते म्हणणे व्यवहाराला धरून होते. तरी त्या वर्षी ऑक्टोबरात वर्ध्याला चरखा संघाने ठराव केला. कारागिराला निदान पोटभर सकस अन्न आणि वर्षाला वीस वार कापड एवढे भागेल अशी मजुरी मिळाली पाहिजे, हे त्या ठरावाचे सार. सकस अन्न किती, तेही आहारशास्त्राच्या आधाराने ठरवायचे होते. भाव आधी ठरवून त्यातून मजुरी काढायची, ही बाजाराची रीत. इथे उलटे केले. आधी मजुरी ठरवली, आणि त्यावरून भाव काढला.

ही आपल्या महाराष्ट्राच्या भूमीवर घडलेली गोष्ट आहे. वर्ध्याजवळ नालवाडीला विनोबांनी याच सुमारास स्वतः सूत कातून त्याच्या मजुरीवर आपला निर्वाह करण्याचा प्रयोग केला. कातणाऱ्याला काय मिळते आणि त्यात काय भागते, हे त्यांनी कागदावर मांडून न थांबता पोटाला चिमटा घेऊन पाहिले.

त्याच वर्ध्यात मगनवाडीला जे. सी. कुमारप्पा राहत. १९३४ साली स्थापन झालेल्या ग्रामोद्योग संघाचे काम ते पाहत. आज ज्याला आपण पर्यावरणाचा विचार म्हणतो, तो त्यांनी १९४५ साली 'इकॉनॉमी ऑफ परमनन्स' या पुस्तकात मांडला. त्यांचे म्हणणे शेतकऱ्याला चटकन समजेल असे आहे. एक संपत्ती साठवणीची, म्हणजे दगडी कोळसा, खनिज तेल. उपसली की संपली. दुसरी वाहत्या झऱ्यासारखी, म्हणजे रान, पीक; नीट राखली तर दरवर्षी येत राहील. माणसाने होईल तेवढे दुसरीवर जगावे. आणखी एक गोष्ट ते सांगत. वस्तू घेणारा त्या वस्तूच्या पापपुण्याचा वाटेकरी असतो. ती वस्तू अन्यायाने झाली असेल तर "मी नुसता गिऱ्हाईक आहे" असे म्हणून त्याला हात झटकता येत नाहीत. म्हणून शक्यतो आपल्या नजरेच्या टप्प्यात तयार झालेली वस्तू घ्यावी, म्हणजे ती कशी झाली हे कळते.

आता स्वराज्यानंतरचे पाहा. १९५७ साली खादी आणि ग्रामोद्योग आयोग स्थापन झाला. गांधीजयंतीच्या सुमारास खादीवर सूट देण्याची प्रथा पडली. सुटीचा पैसा सरकार भरत असे. यामुळे अनेक कारागिरांचे काम टिकले, हे नाकारता येणार नाही. पण त्याचबरोबर गिऱ्हाइकाची सवय पालटली. "आत्ता कशाला घ्यायची? सूट लागली की घेऊ," असे घरोघरी म्हणू लागले. दोन पैसे जास्त देण्याची जी वृत्ती पूर्वी मुद्दाम जोपासली होती, तिची जागा दोन पैसे वाचवण्याच्या संधीने घेतली. २०१० सालापासून केंद्र सरकारने ही पद्धत बदलली आणि विक्रीवरच्या सुटीऐवजी उत्पादनावर साहाय्य देणे सुरू केले. त्यातला ठराविक वाटा कारागिराच्या नावे ठेवला. १९३५ सालचाच प्रश्न पुन्हा समोर आला होता, असे म्हणायला हरकत नाही. पुढे २०१३ साली खऱ्या खादीसाठी 'खादी मार्क' हे चिन्ह ठरवले गेले. खोट्या खादीचा उपद्रव झाला नसता, तर खऱ्या खादीला चिन्ह कशाला लागले असते?

या साऱ्यातून आजच्या प्रश्नाकडे येऊ. विदर्भ-मराठवाड्यात आपण कापूस पिकवतो. बहुतेक सारा कोरडवाहू, पावसाच्या भरवशावरचा. पण तो कापूस पिकवणाऱ्याच्याच अंगावर आज बहुधा पॉलिएस्टर मिसळलेला सदरा असतो. स्वस्त पडतो, लवकर वाळतो, इस्त्री लागत नाही. त्यालाही मी दोष देत नाही. मदुरेच्या गाडीतल्या प्रवाशांचेच हे वंशज. पण पॉलिएस्टर निघते खनिज तेलापासून. कुमारप्पांच्या भाषेत ती साठवणीची संपत्ती. धुताना त्याचे बारीक तंतू पाण्याबरोबर वाहून जातात आणि ते मातीत सहजासहजी कुजत नाहीत. म्हणजे स्वस्त सदऱ्याची उरलेली किंमत नदी भरते, आणि पुढे आपली नातवंडे भरतात. भावाच्या चिठ्ठीवर ती छापलेली नसते, इतकेच.

कापसाचे सारेच चांगले आहे असेही नव्हे. फवारणीची विषारी औषधे, रंगकामाचे सांडपाणी हे कापसाच्या कपड्यालाही चिकटलेले असतात. म्हणून काही शेतकरी सेंद्रिय कापसाकडे वळले. वाट अवघड आहे. रासायनिक खते, औषधे सोडल्यावर शेत सेंद्रिय म्हणून मान्य व्हायला दोन-तीन वर्षे लागतात. त्या काळात उत्पन्न घटू शकते, आणि वाढीव भावही मिळत नाही. दाखल्याचा खर्च निराळा. हा भार एकट्या शेतकऱ्याने का वाहावा? इथेच शहरातल्या ऐपतदार गिऱ्हाइकाचे दोन पैसे जास्त कामाला येतात.

पण इथेही १९०५ ची गोष्ट पुन्हा घडली. ऑक्टोबर २०२० मध्ये सेंद्रिय वस्त्रांना दाखले देणाऱ्या जागतिक व्यवस्थेने जाहीर केले, की भारतात सुमारे २० हजार टन कापूस खोट्या दाखल्यांवर सेंद्रिय म्हणून पुढे गेला आहे. परदेशी कापडावर स्वदेशीचा छाप मारणारे आणि साध्या कापसावर सेंद्रिय छाप मारणारे एकाच वळणाचे. त्यात फसतो गिऱ्हाईक, आणि मरतो तो खरोखर सेंद्रिय पिकवणारा शेतकरी, कारण त्याच्या मालावरचा विश्वास उडतो.

तेव्हा, लोक चांगल्या कापडाला जास्त पैसे देतील काय? इतिहासाचे उत्तर असे आहे, की देतात. वेळोवेळी दिले आहेत. पण तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात. पहिली, ज्याला परवडते त्याच्याकडेच मागा; गरिबाला लाजवू नका, त्याला दुसरे दार ठेवा. दुसरी, जादा पैसा कुणाच्या हाती पडतो याचा हिशेब उघड दाखवा. तिसरी, माल खरा असल्याची खात्री द्या, आणि खोट्याला शिक्षा करा. यांतली एक जरी चुकली, तरी चांगल्या मनाने दिलेला पैसा वाया जातो आणि पुढच्या खेपेला ते मन उरत नाही.

दुसऱ्या दाराविषयी थोडे सांगतो. आज प्रत्येकाने चरखा घ्यावा असे मी म्हणत नाही. पण आपल्या घरांत एक जुनी रीत होती. धोतर विरले की त्याचे पंचे होत, पंचे विरले की पोराची लंगोटी आणि पुसणी. लुगडी जुनी झाली की आजी ती थरावर थर घालून गोधडी शिवायला बसे. कापडाचा शेवटचा धागा संपेपर्यंत ते घरात राबे. याला पैसा जास्त लागत नव्हता. उलट वाचत होता. टिकाऊ कापड घेणे, ते उसवले तर टाचून घेणे, आणि विनाकारण नवे न घेणे, हेही निसर्ग जपणेच आहे. ज्याच्याजवळ दोन पैसे जास्त नाहीत, तोही ते करू शकतो, आणि आपली खेडी ते करत आली आहेत.

शिक्षकांना शेवटी एक विनंती. सातवी-आठवीच्या मुलांना एक दिवस आपापल्या सदऱ्याची चौकशी करायला सांगा. याचा धागा कापसाचा की पॉलिएस्टरचा? कुठे शिवला? किती दिवस टिकला? मग वर्गात कापसाच्या भावाचा आणि सदऱ्याच्या भावाचा हिशेब फळ्यावर मांडा. तुमच्या वर्गात कापूस पिकवणाऱ्याची मुले असतील तर त्यांच्या वडिलांना काय भाव मिळाला, तेही विचारा. सरकी काढल्यावर रुई किती उरते, हे त्यांना घरून माहीत असते. सगळी उत्तरे मिळणार नाहीत. पण कापडाच्या दुकानात "काय भाव?" याच्या जोडीला "हे कुणी केले, आणि त्याला काय मिळाले?" असे विचारणारी चार मुले जरी तयार झाली, तरी सार्वजनिक काकांनी १८७२ साली ज्या वाटेने पाऊल टाकले, ती वाट मोडली नाही असे म्हणता येईल.